होडीवरचं नाव

निर्मळ
१२ जानेवारी २०२५

ती. आक्का,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर तुला ऐकू येत नाही, आणि मी ओरडलो की शेजारचे कुंपणापाशी येऊन विचारतात, दयारामभाऊ, भांडण कुणाशी? म्हणून पत्र. सोबत एक फॉर्म आहे. तो आधी बाजूला काढून ठेव, चहाच्या कपाखाली ठेवू नकोस.

झालंय असं की सरकारने आता हौशी लोकांनाही परवाना लावलाय. होडीत बसून गळ टाकायचा तरी परवाना पाहिजे. मी बंदरावरच्या कचेरीत गेलो आणि म्हटलं, साहेब, आम्ही केळीवाले, मासे विकत नाही. मी आणि भुईगावचा रुडॉल्फ, दोघे म्हातारे, रविवारचे खाडीत जातो. दोन बोय, एखादी शिंगाळी, फार तर वर्षातून एकदा जिताडा. उरलं तर शेजारी देतो. साहेब म्हणाला, तेच तर काका, विकत असता तर सोसायटीतून झालं असतं. विकत नाही म्हणजे हौशी, हौशी म्हणजे हा फॉर्म.

फॉर्म भरायचा मालकाने. आणि मालक मी नाही, तू आहेस. आपल्या घरात नवी वस्तू आली की लेकीच्या नावाने घ्यायची, हा रिवाज तुला माहीतच आहे. बाबांनी सत्तर साली होडी पाण्यात सोडली ती तुझ्या नावाने, आणि बंदरच्या वहीत आजतागायत तुझंच नाव आहे. पुढच्या फळीवरही 'द्वारका' आहे. फळ्या तीनदा बदलल्या, नाव दर वेळी मी स्वतः रंगवलं.

तर तीन ठिकाणी सही कर, मी पेन्सिलने फुल्या मारल्यात. सही जुन्या वहीतल्या सहीशी जुळायला हवी, ती तुझी गोल, शेवटी शेपूट असलेली. आधारकार्डाची झेरॉक्स आणि एक फोटो जोड. एकतीस मार्चनंतर बिनपरवान्याची होडी खाडीत दिसली तर ओढून नेणार आणि फोडणार आहेत. कचेरीच्या दारावर तसा कागदच लावलाय.

तुला म्हणून सांगतो, ही गेल्यापासून आठवड्यात रविवारीच काय तो मी माणसासारखा बोलतो. बाकीचे दिवस पोरगा भावेश सातिवलीला कामावर आणि मी केळीशी. होडी गेली तर माझं काय उरतं, मला कळत नाही.

रिद्धीला आशीर्वाद.

तुझा,
दया


निर्मळ
१६ फेब्रुवारी २०२५

ती. आक्का,
नमस्कार.

महिना होऊन गेला. टपाल हरवलं म्हणावं तर पोच आलीय, तीवर रिद्धीची सही आहे. म्हणजे फॉर्म तुझ्या घरात आहे आणि तू तो करत नाहीयेस.

परवा कचेरीचा माणूस खाडीवर येऊन सगळ्या होड्यांवर खडूने आकडे टाकून गेला. आपल्या होडीवर आकडा नाही, फुली मारली. रुडॉल्फने ती ओल्या फडक्याने पुसून टाकली. म्हटलं, अरे, पुसून काय होतंय? तर म्हणतो, आपल्याला तर बरं वाटतंय ना.

आक्का, मी सरळ विचारतो. हे हक्कसोडीमुळे आहे का? दोन हजार नऊ साली तू नागपूरहून आलीस, वसईला रजिस्टर कचेरीत बसून वाडीवरच्या हक्काच्या कागदावर सह्या केल्यास, चहा घेतलास आणि त्याच संध्याकाळी परत निघालीस. केळीचा घड बांधून ठेवला होता, तोही नेला नाहीस. तेव्हा मी काही बोललो नाही. पण सोळा वर्षं तो घड माझ्या डोळ्यांसमोर आहे. राग असेल तर राग आहे म्हण. होडीवर काढू नकोस.

दया


नागपूर
२३ फेब्रुवारी २०२५

चि. दया,
अनेक आशीर्वाद.

अक्षर रिद्धीचं आहे. माझा चष्मा मोडलाय, नवा व्हायला वेळ आहे. मी सांगते, ती लिहिते.

हक्कसोडीचं तू काढलंस, मी नाही. वाडी तू राखलीस, पाणी तू घातलंस, म्हातारपणी बाबांची घाण तू काढलीस. वाडी तुझीच. घड नेला नाही कारण माझ्या हातात दोन पिशव्या होत्या आणि तू स्टेशनवर सोडायला आला नाहीस. एवढंच त्याचं.

पण परत कागद आला, परत पेन्सिलच्या फुल्या. तुमच्याकडून मला पत्र आलं की त्यात फुली असतेच. म्हणून थोडी थांबले.

आता होडीचं. तुला आठवतंय का बघ. मी सतराची, तू तेराचा. होडीला हळदकुंकू मी लावलं, नारळ माझ्या हातून फोडला. सगळा गाव बांधावर उभा. मी परकर आवरून आत पाय टाकायला गेले, तर बाबा म्हणाले, बाईमाणसाने होडीत पाय ठेवायचा नाही. ठीक आहे. बाबांचं सगळं ठरलेलंच असायचं, मी काही रडले नाही. पण तू आत बसला होतास. वल्हं मांडीवर आडवं धरून मला म्हणालास, "तुझं नाव आहे ना होडीवर, तेवढं पुरे." सगळे हसले. मीही हसले.

पंचावन्न वर्षं झाली. त्यानंतर मी किती वेळा माहेरी आले असेन, कुणी म्हणालं नाही, आक्का, चल, बस. मीही म्हटलं नाही, मागून बसण्यात काय मजा.

सही करीन. घाई लावू नकोस.

द्वारका


निर्मळ
२ मार्च २०२५

ती. आक्का,
नमस्कार.

पत्र तीनदा वाचलं. मग रुडॉल्फला वाचून दाखवलं, तर तो म्हणाला, तू असाच होतास आणि अजून आहेस. त्याच्याशी पुढचा अर्धा तास बोललो नाही.

मला आठवत नाही, आक्का. खरंच आठवत नाही. पण तू म्हणतेस म्हणजे मी म्हटलंच असणार. तेव्हा वल्हं हातात आलं होतं, मी कुणालाही काहीही म्हटलं असतं. तो रिवाज आता कुठे राहिलाय? रुडॉल्फची नात नताशा होडीत उभी राहून फोटो काढते, मीच तिला हात धरून चढवतो. तिला चढवताना मला तू आठवली नाहीस. लाज वाटते, एवढं लिहितो.

तुला वाटत असेल की सही घेऊन होडी मी माझ्या नावावर करीन. करता येत नाही. साहेबाने सांगितलं, जुन्या लाकडी होडीचा परवाना आहे त्याच नावाने मिळतो. मालक बदलला की नोंद बंद आणि होडी फोडायची. म्हणजे तू आहेस तोवर होडी आहे. मी तुझ्या होडीत बसणारा माणूस, तेवढाच.

चार आठवडे राहिले. सह्या कर, आक्का. हात जोडतो.

दया


नागपूर
९ मार्च २०२५

दयाराम आजोबा,
नमस्कार.

मी रिद्धी. हे लेटर आजीला न सांगता लिहितेय. फोन केला असता, पण फोनवर मला रडू येईल आणि आजीला ऐकू नाही आलं तरी चेहऱ्यावरून सगळं कळतं.

आजीचा चष्मा मोडलेला नाही. आजीला दोन वर्षं झाली, कंपवात आहे. उजवा हात जास्त हलतो. कप धरता येत नाही, पोळीचा तुकडा तोडता येत नाही. तुमचं पहिलं लेटर आलं त्याच दुपारी ती सही करायला बसली होती. आधी पेपरवर प्रॅक्टिस केली. मी मोजल्या नाहीत, पण पेपरचं अख्खं पान भरलं. गोल काढायला जायची आणि पेन भलतीकडेच पळायचं. मग म्हणाली, आता येतंय, आण फॉर्म. फॉर्मवर केली ती सही नव्हतीच. शेवटची शेपूट कागदाच्या बाहेर गेली. मग तिने फॉर्म घडी करून उशीखाली ठेवला आणि मला म्हणाली, दयाला कळवायचं नाही, तो उगाच वेड्यासारखा पहिल्या गाडीने इथे येईल.

तुम्ही रागावलात असं वाचलं तेव्हा ती म्हणाली, रागावलेला बरा. हक्कसोड वगैरे तुमचं काय ते मला माहीत नाही. पण होडीची गोष्ट खरी आहे, ती मला लहानपणापासून सांगते.

आजोबा, सहीऐवजी अंगठा चालतो का ते विचाराल? आणि मी सांगितलं हे प्लीज कळू देऊ नका.

रिद्धी


निर्मळ
१६ मार्च २०२५

ती. आक्का,
नमस्कार.

तुला उगाच त्रास दिला. माझीच चूक झाली. सहीची भानगडच नाही, कचेरीत अंगठासुद्धा चालतो असं कळलं. तेव्हा तो जुना फॉर्म फाडून टाक, नवा पाठवलाय. यावर फुल्या नाहीत. एका जागी डाव्या हाताचा अंगठा, आणि बँकेच्या मॅनेजरचा शिक्का. बँक तुमच्या घरासमोरच आहे ना. जमेल तेव्हा कर, घाई नाही. म्हणजे एकतीस तारीख आहे, पण घाई नाही.

तब्येतीला जप. चष्मा लवकर करून घे. वाडीत जास्वंद फार आलीय, तुला आवडायची ती पिवळी.

दया


नागपूर
२१ मार्च २०२५

चि. दया,
आशीर्वाद.

जास्वंद? तू मला फुलांबद्दल लिहितोस? जन्मात कधी लिहिलं नाहीस. घाई नाही म्हणतोस. हे पत्र लिहिणारी इथे मान खाली घालून बसलीय, तिचे कान लाल झालेत. सांगितलं तिने तुला. रागावले नाही, तूही तिला काही म्हणू नकोस.

आता लपवून काय करू? हात माझा राहिला नाही, दया. फुलपात्र उचलते तर पाणी साडीवर. देवाला हात जोडले तरी ते हलतच असतात. पण मान ताठ आहे आणि अक्कल शाबूत आहे.

अंगठा दिला. मॅनेजर बाई उठून बाहेर आली, मला खुर्ची दिली. अंगठाही हलला, पण शाई लागली ती बरोबर चौकटीत लागली. रिद्धीने मनगट धरलं होतं. फॉर्म स्पीड पोस्टाने याबरोबरच येतोय.

सही गेली याचं वाईट वाटलं, एकदाच सांगते. मॅट्रिकपर्यंत शिकलेली बाई मी. ती शेपटीची सही मी स्वतः बसवली होती, अंगठा लावला तेव्हा शाईकडे बघवेना.

एक मागते. मला एकदा त्या होडीत बसव. मागून बसण्यात मजा नाही असं मीच म्हटलं होतं. आता मजा नको, नुसतं बसायचंय. मे महिन्यात रिद्धीची परीक्षा संपली की ती मला घेऊन येईल.

द्वारका


निर्मळ
१३ एप्रिल २०२५

ती. आक्का,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवाना आला. मुदतीच्या आत फॉर्म पोचला, कागद काल हातात पडला. होडी वाचली.

अंगठ्याचं आता खरं सांगतो. अंगठा चालत नव्हता. मी साहेबाच्या दारात तीन दिवस बसलो. पहिल्या दिवशी तो म्हणाला, नियमात नाही. दुसऱ्या दिवशी म्हणाला, काका, जेवून या. तिसऱ्या दिवशी त्याने मला विचारलं, तुमच्या आक्काचं वय काय? मी सांगितलं. त्याची आईही बाहत्तरची निघाली.

आता पुढचं ऐक आणि बसून घे. परवान्यामागे बारीक अक्षरात अटी आहेत. भावेशने मोबाईलवर फोटो काढून मोठ्या करून वाचल्या. सातवी अट अशी की या होडीतून गळ फक्त परवानाधारकाने टाकायचा. बाकीच्यांनी बसायचं, वल्हवायचं, पण गळाला हात लावायचा नाही. आम्ही इतके दिवस धरून चाललो होतो की होडीला परवाना मिळाला की होडीतल्या सगळ्यांना मिळाला. टेम्पोला परमिट असलं की आतल्या केळ्यांना वेगळं लागत नाही, तसं. मी परत कचेरीत गेलो. साहेब म्हणाला, सोबत्यांचा फॉर्म वेगळा आहे, तो अजून वरून आलेला नाही. कधी येईल? म्हणाला, काका, मलाही वरूनच कळतं.

म्हणजे बघ, आक्का. पंचावन्न वर्षं मी ज्या होडीतून मासे मारले, त्यातून गळ टाकायची परवानगी या जगात एकाच माणसाला आहे, आणि ती तू आहेस. रुडॉल्फ हसून हसून खोकायला लागला. मीही हसलो. घरी येऊन मात्र जेवण गेलं नाही.

तू ये. बारा मेला पौर्णिमा आहे, भरती दुपारी बाराच्या सुमारास. पाणी थेट बांधाला लागतं, तुला पाय भिजवावासुद्धा लागणार नाही. मी प्लॅस्टिकची खुर्ची आणून तिचे पाय कापले आणि होडीच्या मधोमध घट्ट बांधली. हातही धरायला आहेत. नताशाने वर उशी शिवून दिलीय. गळ मी धरीन, म्हणजे तू धरशील आणि मी तुझं मनगट धरीन. त्याला कुठल्या अटीत ना आहे ते बघतो.

दया


नागपूर
४ मे २०२५

आजोबा,

आजी पडली. सव्वीस तारखेला सकाळी, न्हाणीघराच्या उंबऱ्यावर. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालंय, काल घरी आणलं. डॉक्टर म्हणाले, सहा महिने प्रवासाचं नावही काढू नका, आणि नंतरचंही आत्ता सांगता येत नाही.

बॅग भरून ठेवली होती. तुमच्यासाठी तिने बडीशेप भाजून घेतली होती, पांढरी नऊवारी काढली होती. पाय आखूड केलेल्या खुर्चीचं ती सगळ्यांना सांगत होती, नर्सलासुद्धा.

तुम्ही येऊ नका म्हणतेय. येता आलं असतं तर मीच आले असते, असं म्हणते. खाली तिने सांगितलेलं लिहिते.

"दया, पौर्णिमा सोडू नकोस. पाणी माझ्यासाठी थांबणार नाही. तू जा. गळ टाक. कुणी विचारलं तर म्हणावं, मालकिणीने सांगितलंय."

शेवटी तिला स्वतः काहीतरी लिहायचं होतं. मी पेन तिच्या बोटांत धरून दिलं. खालची रेघ तिची आहे. ती गोल काढत होती.

रिद्धी


निर्मळ
१३ मे २०२५

ती. आक्का,
नमस्कार.

गोल मी बघितला. चांगला आलाय.

काल गेलो. रुडॉल्फने वल्हवलं, मी पुढे बसलो, मध्ये तुझी खुर्ची. तू सांगितलंस म्हणून गळ घेतला, कोळंबी घेतली. पाणी बांधाला लागलं होतं, मी म्हटलं होतं तसंच. खाडीच्या मध्यावर गेल्यावर मला गळ टाकवेना. अटीची भीती नव्हती, आक्का. माझ्या आधी तुझा नंबर होता, पंचावन्न वर्षं होता. मी गळ तुझ्या खुर्चीवर आडवा ठेवला आणि दोघे नुसते बसून राहिलो.

तेवढ्यात गस्तीची बोट आली. आतला पोरगा नवीन होता, इकडचा नसावा, पण बोलायला सभ्य. परवाना मागितला, मी दिला. त्याने वाचला, आमच्याकडे बघितलं.

"द्वारकाबाई कोण?"

म्हटलं, माझी बहीण. मालकीण.

"कुठे आहेत?"

"नागपूरला. खाटेवर."

"मग हा गळ कुणाचा?"

मी म्हटलं, तिचाच. तिने टाकायला सांगितलाय, पत्र आहे, दाखवतो. त्याने पत्र वाचलं नाही. मग मला काय झालं कोण जाणे, मी पुढच्या फळीवर हात ठेवून त्याला म्हणालो, बघ, होडीवर नाव आहे तिचं.

तो म्हणाला, "नाव असून काय उपयोग, काका? माणूस आत बसलेलं लागतं."

त्याने काही वाकडं म्हटलं नाही. नियम सांगितला. मालक आत नसताना होडीत गळ बाळगायचा नाही, म्हणून गळ जप्त केला, पावती दिली आणि गेला. रुडॉल्फ त्याला काहीतरी बोलणार होता, मी त्याचा हात धरला. त्या पोराने मला जे सांगितलं ते सत्तर साली बांधावर कुणीतरी मला कानफटात मारून सांगायला हवं होतं. आता कळून मी काय करू? तुला उचलून आणता येत नाही. मला तुझ्याऐवजी तिथे बसता येत नाही. सोबत्यांचा फॉर्म अजून आलेला नाही.

परतताना मला ते आठवलं, आक्का. तू बांधावर उभी होतीस, परकर हातात धरलेला, एक पाय उचललेला. तू हसलीस आणि पाय खाली ठेवलास. मला सगळं आठवलं.

परवाना पुढच्या मार्चपर्यंत आहे. तोवर तू बरी होशील असं सगळे म्हणतात, मीही म्हणतो. पुढच्या महिन्यात होडी वर ओढायची आणि पावसाळाभर झाकून ठेवायची. रुडॉल्फ विचारत होता, खुर्ची सोडून घ्यायची का. मी म्हटलं, राहू दे. तिच्यासकट ताडपत्री टाकू.

तुझा,
दया